भाऊजींचा व्हिडिओ आणि आपलं 'निघालोय'

पंचेचाळिशीतल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गाभा इथे देते.

'आमच्या घरच्या ग्रुपवर माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, रोज काही ना काही पाठवत असतात. भाषणांचे तुकडे, हाणामारीचे व्हिडिओ, रामबाण औषधांचे दावे. त्यातलं बरंचसं खोटं असतं. मी वर्षानुवर्षं गप्प बसलो. एकदा मात्र जमाव एका माणसाला मारतोय असा व्हिडिओ त्यांनी "कालचीच घटना" म्हणून टाकला. मी शोध घेतला, तर तो कित्येक वर्षं जुना आणि दुसऱ्याच देशातला निघाला. मी पुराव्यासकट ग्रुपवर लिहिलं, आणि शेवटी "शिकल्यासवरल्या माणसांनी तरी असलं पसरवू नये" असं जोडलं. भाऊजी ग्रुप सोडून गेले. ताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बाकी कुणी ग्रुपवर चकार शब्द काढला नाही. दोघातिघांनी मागाहून वेगळा मेसेज करून "बरं केलंस" असं कळवलं, एवढंच.

'त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी घरात बसूनच एका मित्राला फोनवर "निघालोय, रस्त्यातच आहे" असं सांगितलं. माझी सोळा वर्षांची मुलगी समोर होती. ती म्हणाली, "बाबा, काकांचं खोटं तेवढं तुम्हाला दिसतं." ते वाक्य डोक्यातून जात नाही. कारण ती चुकीचं बोलली नव्हती. मी हिशेबाचं काम करतो त्या ऑफिसातही साहेब राजकारणावर बोलू लागले की पटत नसताना मी मान डोलावतो. हल्ली वाटतं, सगळा मीडिया विकला गेलाय, समाज दांभिक झालाय, खरं कुणालाच नकोय. मग मी एकट्यानं नाती कशाला तोडून घ्यायची? की खरं बोलायचा मला अधिकारच उरलेला नाही?'

नमस्कार.

तुम्ही ग्रुपवर जे लिहिलंत त्यात दोन वाक्यं होती. एक, हा व्हिडिओ जुना आणि परदेशातला आहे. दुसरं, शिकल्यासवरल्या माणसांनी असलं पसरवू नये. पहिलं वाक्य व्हिडिओबद्दल आहे. ते तपासता येतं, आणि ते खरं की खोटं हे तुमच्यामाझ्या मर्जीवर ठरत नाही. दुसरं वाक्य भाऊजींबद्दल आहे. ते तुमचं मत आहे, आणि ते तुम्ही वयानं आणि नात्यानं मोठ्या माणसाला त्याच्या मुलाबाळांसमोर, भाच्यापुतण्यांसमोर सुनावलंत. खरं बोललो म्हणून नातं तुटलं असा तुमच्या पत्राचा सूर आहे. मला तसं वाटत नाही. पहिल्या वाक्यावर थांबला असतात तर भाऊजी खट्टू झाले असते, चार दिवस त्यांनी ग्रुपवर काही टाकलं नसतं, आणि मग गाडी रुळावर आली असती. त्यांना लागलं ते दुसरं वाक्य. त्या वाक्यानंतर ग्रुपवर व्हिडिओचा विषय राहिलाच नाही. भाऊजी किती शहाणे हा विषय झाला, आणि त्यावर कुठल्याही स्वाभिमानी माणसाला उत्तर देता येत नाही.

हे आधी सांगायचं कारण असं की या प्रकरणातून तुम्ही 'आता गप्प बसावं' असा निष्कर्ष काढायच्या बेतात आहात. तो काढू नका. व्हिडिओ जुना आहे हे सांगणं आवश्यकच होतं. जमाव माणसाला मारतोय आणि हे कालच घडलंय, असं वाचणाऱ्याच्या मनात पहिली येते ती भीती, आणि पाठोपाठ त्या भीतीला एक चेहरा हवा असतो. 2018 मध्ये भारतात मुलं पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा अशाच जुन्या, भलतीकडच्या व्हिडिओंवर स्वार होऊन फिरल्या आणि जमावांनी निरपराध माणसांचे जीव घेतले. त्यानंतरच व्हॉट्सअ‍ॅपनं एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर आधी भारतात आणि 2019 मध्ये जगभर बंधन आणलं. 2020 च्या एप्रिलपासून, अनेकदा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा वाईट काही नसतं, आपल्या माणसांना सावध करावं एवढंच असतं. पण सावध करायच्या त्या घाईत काय पुढे जातं हे कुणीतरी थांबवून पाहायला हवं. तुमच्या घरात ते तुम्ही पाहिलंत. त्याबद्दल मागे सरू नका.

आता तुमच्या त्या दुसऱ्या निष्कर्षाकडे येऊ, 'खरं कुणालाच नकोय' याकडे. हा तुम्ही कशावरून काढलात? ग्रुपवर कुणी बोललं नाही यावरून. पण तुमच्याच पत्रात पुढे लिहिलंय की दोघातिघांनी वेगळा मेसेज करून पाठिंबा कळवला. म्हणजे ग्रुपवर जी शांतता होती तिच्यात भाऊजींशी सहमत असलेले होते, तुमच्याशी सहमत असलेले होते, आणि ज्यांनी मेसेज उघडूनही पाहिला नव्हता असेही असणार. तुम्ही ती सगळी शांतता भाऊजींच्या खात्यावर जमा केलीत. भाऊजींनीही बहुधा ती तुमच्या खात्यावर जमा केली असेल. म्हणूनच ते तिथे थांबू शकले नाहीत.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं 1950 च्या दशकात केलेले प्रयोग इथे आठवतात. एका खोलीत काही माणसं बसवायची, एक रेघ दाखवायची आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कुठली ते मोठ्यानं सांगायला लावायचं. लहान मुलालाही जमेल असं काम. पण एक जण सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याला सामील असत आणि ठरवून चुकीचं उत्तर देत. उरलेल्या त्या एकानं काय करावं? अशा फेऱ्यांतली साधारण एक तृतीयांश उत्तरं बहुमताच्या मागे जाऊन चुकली. डोळ्यांना दिसतंय एक आणि तोंडातून बाहेर पडतंय दुसरं. मला मात्र त्या प्रयोगाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या खोलीत बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती मिळाला, तरी चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आधीच्या चौथ्या हिश्शावर येई. बहुमत तिथेच होतं, तितकंच ठाम होतं. त्याची एकजूट तेवढी मोडली होती. 1974 मध्ये एलिझाबेथ नोएल-नॉयमान या जर्मन अभ्यासकेनं याचीच दुसरी बाजू मांडली. आपलं मत अल्पमतात आहे असं ज्यांना वाटतं ते एकटं पडण्याच्या भीतीनं गप्प होतात, ते गप्प झाले की समोरचं मत आहे त्याहून मोठं दिसतं, आणि मग आणखी माणसं गप्प होतात.

म्हणून ग्रुपवर तुम्ही एकट्यानं बोललात त्याचा उपयोग झाला नाही असं समजू नका. आणि ज्यांनी तुम्हाला मागाहून 'बरं केलंस' म्हटलं, त्यांना मला इथूनच सांगायचंय: तो शाबासकीचा मेसेज पत्रलेखकाच्या मनाला बरं वाटावं यासाठी ठीक होता, पण ग्रुपवर 'हो, मलाही हा व्हिडिओ जुनाच दिसतोय, भाऊजींनाही कुणीतरी असाच पाठवला असेल' एवढी एक ओळ पडली असती तर भाऊजींची अब्रूही राहिली असती आणि पत्रलेखकही एकटे पडले नसते. ती ओळ लिहायला फार धैर्य लागत नाही.

'सगळा मीडिया विकला गेलाय' या वाक्याशी मात्र मला जरा भांडायचंय. हे वाक्य आपण इतक्या सहज बोलतो की ते तपासायचं राहूनच जातं. तुम्हाला तो व्हिडिओ जुना आहे हे कळलं कसं? तुम्ही शोधलंत आणि कुठेतरी तारखेसह, ठिकाणासह त्या घटनेची बातमी सापडली. ती कुणीतरी लिहिली होती. त्या देशातल्या एखाद्या बातमीदारानं जाऊन माहिती घेतली होती, उपसंपादकानं ती नीट केली होती, कुणीतरी ती वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. तुम्ही ग्रुपवर टाकलेला पुरावा हे त्यांचं काम आहे. ज्या मीडियाच्या जोरावर तुम्ही भाऊजींना खोडून काढलंत, तोच सगळा विकला गेलाय असं त्याच पत्रात म्हणता, हे जुळत नाही.

मीडियावरच्या तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. जाहिरातदाराला दुखवायचं नाही म्हणून बातमी आतल्या पानावर जाते, मालकाचे धंदे दुसरीकडे गुंतलेले असतात म्हणून काही विषय निघतच नाहीत, पैसे घेऊन छापलेला मजकूर बातमीच्या वेषात येतो, चर्चेच्या नावाखाली माणसं एकमेकांवर ओरडायला बसवली जातात. हे सगळं आहे आणि त्यावर चिडायलाच हवं. पण चिडताना नेमकं चिडावं. अमुक वाहिनीनं अमुक दिवशी ही बाजू दाखवली नाही, अमुक पत्रानं मथळ्यात जे म्हटलंय ते खाली बातमीत नाही. अशी तक्रार केली की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. 'सगळेच विकलेले' म्हटलं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही, आणि ज्यांनी आज नीट काम केलंय त्यांचीही किंमत शून्य होते.

शिवाय आपल्या रागाकडेही जरा संशयानं पाहावं. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. 1982 मध्ये लेबनॉनची राजधानी बैरूतमध्ये झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाबद्दलच्या टीव्ही बातम्यांच्या त्याच त्या फिती इस्रायलची बाजू घेणाऱ्या आणि अरबांची बाजू घेणाऱ्या विद्यार्थ्यांना दाखवल्या. दोन्हीकडच्यांना त्या आपल्या विरुद्ध झुकलेल्या वाटल्या. जी बातमी मला टोचते ती पक्षपाती, आणि जी मला सुखावते ती निर्भीड, असं आपल्या सगळ्यांचंच होतं. ज्या विषयावर आपलं मत जितकं तीव्र, तितकं जास्त. आणखी एक सांगते, कारण ते तुमच्या प्रश्नाच्या अगदी मुळाशी आहे: भाऊजीही हेच वाक्य बोलत असणार. पेपर विकले गेलेत, वाहिन्या विकल्या गेल्यात, म्हणून खरी बातमी फॉरवर्डमध्येच येते. सगळ्यांवरचा अविश्वास माणसाला सावध करत नाही. कुणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो, आणि मग तो शेवटी मेसेज पाठवणाऱ्या ओळखीच्या माणसावर ठेवला जातो.

तर मग करायचं काय? एखादी गोष्ट खरी मानण्याआधी ती कुठून आली हे पाहायचं, आणि दुसऱ्याला सांगताना आपल्याला ती कशी कळली हेही सांगायचं. माझ्या मते रोजच्या प्रामाणिकपणाचा मोठा हिस्सा एवढाच आहे. आपण खोटं बोलतो त्याहून कितीतरी जास्त वेळा, जेवढं माहीत आहे त्यापेक्षा जास्त खात्रीनं बोलतो. 'मी ऐकलं', 'मी एका ठिकाणी वाचलं', 'मी स्वतः पाहिलं', 'माझा अंदाज आहे' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना आपण त्या सगळ्यांच्या जागी 'असं आहे' म्हणतो. भाऊजींनी 'कालचीच घटना' म्हटलं तेव्हा त्यांनाही ती कालची आहे हे माहीत नव्हतं. कुणीतरी तसं म्हटलंय एवढंच माहीत होतं. तुम्ही 'समाज दांभिक झालाय' म्हणता तेव्हा तुम्हालाही समाज माहीत नसतो. आपलं ऑफिस, आपला ग्रुप आणि आपल्या फोनवर येणारं माहीत असतं. हे मी दोष काढायला सांगत नाही. मत जरूर असावं, ठाम असावं. ते कशावर उभं आहे हे बोलणाऱ्यानं सांगावं, इतकंच.

व्हिडिओ तपासायची रीत तुम्हाला जमते असं दिसतं, पण इतर वाचकांसाठी सविस्तर सांगते. समजा, जमाव धावतोय असा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आला. आधी मेसेजच्या वर दोन बाण दिसतात का ते पाहा. दोन बाण म्हणजे तो बऱ्याच हातांतून आलाय, पाठवणाऱ्याच्या ओळखीतल्या कुणी तो काढलेला असण्याची शक्यता कमी. मग व्हिडिओ आवाज बंद करून बघा. आवाज मागाहून जोडलेला असू शकतो, आणि तो बंद केला की घबराटही ओसरते. पाट्यांवरची लिपी कुठली? गाड्यांच्या नंबरप्लेट कशा? वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालली आहेत? पोलिसांचा गणवेश ओळखीचा आहे का? एखाद्या स्पष्ट क्षणाला व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि गूगल लेन्समध्ये टाका. तेच दृश्य आधी कधी प्रसिद्ध झालं होतं ते पुष्कळदा तिथेच कळतं. सापडलेल्या पहिल्याच पानावर मात्र अडकून बसू नका. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस या तिघांना अनोळखी संकेतस्थळं तपासायला दिली होती. प्राध्यापक आणि विद्यार्थी समोरचं पानच बारकाईनं वाचत बसले आणि त्याच्या रुबाबाला फसले. तपासनिसांनी ते पान जवळजवळ लगेच सोडलं आणि या मंडळींबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. मेसेजमध्ये काय लिहिलंय हे पुन्हा पुन्हा वाचून तो खरा आहे का ते कळत नाही. त्याच्याबाहेर पडावं लागतं.

आणि काहीच सापडलं नाही तर? तर पुढे पाठवू नका. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी ट्विटरवरच्या 2006 ते 2017 या काळातल्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा प्रवास तपासला होता. खोट्या बातम्या पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता खऱ्यांपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त होती. आणि 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्याला खोट्याच्या सुमारे सहापट वेळ लागत होता. यामागे यंत्रं असतील असं आपल्याला वाटतं. आपोआप चालणारी खाती बाजूला काढूनही निकाल तोच आला. म्हणजे पाठवणारी माणसंच होती. नवलाची, धक्का देणारी गोष्ट दुसऱ्याला सांगावीशी वाटते, त्यातून हे होतं. तेव्हा एखादा मेसेज वाचून 'हे लगेच सगळ्यांना कळायला हवं' असं वाटलं, तर नेमका तोच मेसेज थोडा वेळ हातात ठेवावा.

आता तुमच्या मुलीचं वाक्य. पत्रात तुम्ही त्याला दोनच ओळी दिल्यात, पण तुम्ही पत्र लिहिलंत ते त्या वाक्यामुळे, असं मला वाटतं.

तिच्या म्हणण्याचा अर्धा भाग बरोबर आहे आणि अर्धा नाही. व्हिडिओ कधीचा आहे हे तुमच्या चारित्र्यावर अवलंबून नाही. सराईत खोटारड्यानं जरी 'हा व्हिडिओ जुना आहे' म्हटलं तरी तो जुनाच. त्यामुळे 'मला अधिकार आहे का' हा प्रश्न तुम्ही मनातून काढून टाका. निर्दोष माणसांनीच खरं बोलायचं ठरलं तर कुणी बोलणारच नाही, आणि ज्यांना खोटं पसरवायचंय त्यांना तेच हवं आहे. पण विश्वासाचं तसं नाही. तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं की नाही हे लोक तुमच्याकडे बघून ठरवतात, आणि सोळा वर्षांची मुलगी सगळ्यात जवळून बघते.

'सगळेच बोलतात असं थोडंफार' हे उत्तर तिला देऊ नका, कारण तेही पूर्ण खरं नाही. अमेरिकेत सुमारे हजार प्रौढांना, गेल्या चोवीस तासांत तुम्ही किती वेळा खोटं बोललात, असं विचारलं होतं. 2010 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. दहातल्या साधारण सहांनी एकदाही नाही असं सांगितलं, आणि एकूण खोट्यातलं जवळजवळ निम्मं अवघ्या पाच टक्के लोकांच्या नावावर निघालं. खोटं बोललो नाही असं सांगतानाही माणूस खोटं बोलू शकतो, हे धरूनसुद्धा, 'सगळेच' म्हणण्याइतकी परिस्थिती वाईट दिसत नाही.

'निघालोय' हे वाक्य जवळून पाहू. तुम्ही घरात आहात, मित्र फोनवर विचारतोय कुठवर आलास. तुम्ही रस्त्यात आहे म्हणता. त्यावर विसंबून तो घरातून निघतो, ठरलेल्या जागी येऊन उभा राहतो, दर दोन मिनिटांनी रस्त्याकडे बघतो. त्याला वाटतं तुम्ही कुठेतरी अडकलात, म्हणून तो चिडतही नाही. तुमचा संकोच वाचला आणि त्याचा अर्धा तास गेला. गंभीर आजारी माणसाला भेटायला गेल्यावर 'आज चेहरा बरा दिसतोय' असं म्हणणं मी या रांगेत बसवत नाही. तिथे आपण स्वतःसाठी काही वाचवत नसतो आणि त्या माणसालाही आपण का म्हणतोय ते कळत असतं. खोटं लहान की मोठं हे मोजण्यापेक्षा, त्याचा खर्च कुणाच्या माथी पडतोय ते पाहावं. 'निघालोय', 'मेसेज आत्ताच पाहिला', 'नेटवर्क नव्हतं', 'तुमचंच काम चाललंय, होतच आलंय', हे सगळं समोरच्याच्या वेळेवर आणि बेतावर जातं. तो आपल्या शब्दावर पुढचं काही ठरवत असतो.

यावर उपाय साधा आहे आणि पहिल्यांदा अवघड जातो. 'अजून घरातच आहे, उशीर माझ्यामुळे झालाय, अर्धा तास लागेल, तू सावकाश निघ.' समोरून नाराजीचा सूर ऐकावा लागेल. तो आपलाच आहे, ऐकावा. मुलीला मात्र याबद्दल भाषण देऊ नका. 'तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी रस्त्यात नव्हतो' एवढं एकदा म्हणा आणि पुढच्या वेळी तिच्यासमोर फोन आला की खरं सांगा. तुम्ही तिला आणखी एक गोष्ट देऊ शकता. ती मोठ्यांना चूक दाखवायला बिचकली नाही, हे तुम्हाला आवडलं असं तिला कळू द्या. ज्या घरात मुलांनी बापाला असं विचारलेलं चालतं, त्या घरातल्या मुलांना बाहेर रेघेची लांबी बरोबर सांगणं सोपं जातं.

ऑफिसबद्दल थोडक्यात. साहेबांच्या राजकीय मतावर मत देणं हे तुमच्या नोकरीचा भाग नाही, आणि मनातलं प्रत्येक मत बाहेर काढणं म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. गप्प राहणं आणि न पटलेल्याला होकार देणं यांत अंतर आहे. तुम्ही होकाराकडे झुकलात म्हणून तुम्हाला खुपतंय. मान डोलवायची सोडून नुसतं ऐका. थेट विचारलंच तर 'माझं याबाबतीत जरा वेगळं आहे, पण तो विषय आत्ता नको' असं म्हणता येतं, आणि बहुतेक वरिष्ठांना ते चालतं. ज्याच्या पगारावर घर चालतं त्याला बाहेरून शौर्य शिकवायचा हक्क कुणालाच नाही, मलाही नाही. पण तुमचं काम हिशेबाचं आहे. आकडा चुकलेला असेल आणि साहेब 'असू दे' म्हणत असतील तर तिथे मान डोलावता येणार नाही. तिथे लेखी कळवा, तारीख घाला आणि प्रत जवळ ठेवा.

भाऊजींना समजावून उपयोग नाही असं तुम्ही धरून चालला आहात. चूक दाखवली की माणूस उलट आणखी हट्टाला पेटतो असं पूर्वी अभ्यासकांनाही वाटत होतं. पुढे वूड आणि पोर्टर या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, 52 वेगवेगळ्या मुद्द्यांवर हे तपासलं. 2019 मध्ये छापून आलेल्या त्यांच्या लेखात, असा उलटा परिणाम सहसा होत नाही, दुरुस्त माहिती बहुतेक लोक स्वीकारतात, असं निघालं. मात्र त्या संशोधकांच्या पुढच्या कामातून हेही दिसलं की माहिती सुधारली तरी नेत्याबद्दलचा कल सहसा बदलत नाही. तेव्हा भाऊजींचं राजकीय मत बदलेल अशी आशा धरू नका आणि तो तुमचा उद्देशही असू नये. व्हिडिओची तारीख त्यांना पटली, एवढ्यावर समाधान माना.

त्यांना मेसेज करू नका. जाऊन भेटा, ते जमणार नसेल तर फोन करा. 'भाऊजी, व्हिडिओबद्दल जे सांगितलं ते मी आजही सांगेन. पण शेवटी जे लिहिलं ते मी लिहायला नको होतं, तेही सगळ्यांसमोर. त्याबद्दल मला माफ करा.' यात 'पण तुम्हीही' असं काही जोडू नका. त्यांनी जुनं काही उकरून काढलं तर ऐकून घ्या. ग्रुपवर परत या म्हणून गळ घालू नका. त्यांना वाटलं तर ते येतील. पुढच्या वेळी त्यांच्याकडून तसलं काही आलं तर आधी त्यांनाच एकट्याला कळवा: 'हा व्हिडिओ मला अमुक सालचा सापडला, ही लिंक, तुम्हीच ग्रुपवर सांगितलंत तर बरं.' दुरुस्ती त्यांच्या हातून झाली तर त्यांचा मान वाढतो. फक्त ज्या मेसेजमुळे कुणाच्या जिवावर बेतू शकतं, चुकीचं औषध किंवा जमाव भडकवणारी अफवा, तिथे थांबू नये. लगेच ग्रुपवर लिहावं, आणि तेही व्हिडिओबद्दल किंवा औषधाबद्दलच लिहावं, पाठवणाऱ्याबद्दल अक्षरही नको. घरात ज्यांचा शब्द कमी चालतो, नव्यानं आलेल्या सुना, धाकटी मुलं, त्यांना विधान जड जात असेल तर प्रश्न विचारता येतो: 'काका, हे कुठलं आहे? कुणी काढलंय?' आणि ज्यांच्या स्वतःच्या हातून खोटं पुढे गेलंय त्यांनी नुसतं डिलीट करून गप्प बसू नये. ज्यांनी ते वाचलं त्यांच्या मनात ते राहिलेलंच असतं. जिथे पाठवलं तिथेच 'मी टाकलेलं चुकीचं होतं' हे लिहावं लागतं.

ताईंशी बोलायला मात्र भाऊजींची वाट पाहू नका. त्यांना आधी फोन करा. नवरा दुखावला आणि तो भावानं दुखावला, अशा कोंडीत त्या तेव्हापासून आहेत, आणि तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल 'बोलत नाही' याखेरीज काहीच नाही. त्यांची विचारपूस करा. व्हिडिओचा विषय तुम्ही काढू नका; त्यांनी काढला तर, भाऊजींना भेटायला यायचंय, कधी येऊ, एवढं विचारा.